ढग रडारवर बघा, पाऊस आपल्या रानात मोजा

पावसाळ्यात फवारणी, खत, पाणी या सगळ्या कामांचं घोडं दोन प्रश्नांवर अडतं. पडला किती आणि आता येणार किती? पहिल्याचं उत्तर पर्जन्यमापकाकडे असतं, दुसऱ्याचं रडारकडे. रडारच्या चित्रावर लाल पट्टा बघितला आणि रानात भरपूर पाऊस झाला असं धरून पाणी बंद केलं, तर पीक ताण सोसतं.

रडार पाऊस मोजत नाही. ते लहरी सोडतं आणि थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून अंदाज बांधतं. २ मिमी व्यासाच्या एका थेंबात १ मिमीच्या ८ थेंबांइतकं पाणी असतं, पण रडारला तो ६४ थेंबांइतका ठळक दिसतो. त्यामुळे मोजके टपोरे थेंब चित्रात मुसळधार वाटू शकतात आणि दाट रिमझिम किरकोळ वाटू शकते. गारा असतील तर आकडा आणखी फुगतो. अंतराचाही फरक पडतो. रडारचा झोत अर्धा अंश वर रोखलेला असला, तरी १०० किमीवर तो जमिनीपासून साधारण दीड किमी उंच गेलेला असतो आणि २०० किमीवर ४ किमी. त्याखाली वाटेतच सुकून गेलेला पाऊस त्याला कळत नाही.

म्हणून रानात स्वतःचा मापक हवाच. महागडा नको. सरळ उभ्या कडांचं, सपाट बुडाचं भांडं चालतं. तोंड आणि बूड सारखंच असल्याने आत साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. नरसाळं लावून बाटलीत पाणी धरत असाल, तर तोंडाचं क्षेत्रफळ काढा: १०० चौ. सेंमी तोंडाला १० मिलि पाणी म्हणजे १ मिमी. जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा, तोंड समपातळीत आणि जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे उडालेला चिखल आत जात नाही. वाऱ्याने थेंब तोंडावरून उडून जातात, त्यामुळे वादळी पावसात माप थोडं कमीच भरतं. नरसाळ्यात एक वाळकं पान अडकलं तरी रात्रभराचा पाऊस वाया जातो. मी तर रोज बोट फिरवूनच बघतो.

रोज सकाळी ठरल्या वेळी वाचा आणि लगेच वहीत लिहा. १ मिमी म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, २५ मिमी म्हणजे जवळपास लाखभर लिटर. पाण्याची पाळी पुढे ढकलायची की नाही, हे या आकड्यावर आणि वीतभर खोल उकरलेल्या मातीच्या ओलीवर ठरवा.

आता रडार कुठे कामी येतं, ते बघा. पुढच्या एक-दोन तासांसाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. एक चित्र बघून निर्णय घेऊ नका, वीस मिनिटांच्या फरकाने दोन बघा. पट्टा तेवढ्यात १० किमी सरकला असेल, तर वेग ताशी ३० किमी. तो तुमच्या रानाच्या रोखाने येत असेल आणि ४५ किमीवर असेल, तर हातात दीड तास आहे. औषधाच्या लेबलवर पावसाआधी किती तास कोरडे हवेत ते लिहिलेलं असतं, तेवढे मिळत नसतील तर पंप भरूच नका. दाणेदार खताचंही तेच, जोरदार सर आली की ते वाहून जातं. मात्र हा हिशेब रुंद, संथ सरकणाऱ्या पट्ट्यांना लागू पडतो. उकाड्यानंतर दुपारी जागच्या जागी उभे राहणारे ढग अर्ध्या-एक तासात वाढतात आणि संपतातही. अशा दिवशी दर दहा मिनिटांनी चित्र बघा आणि एका दमात उरकतील अशीच कामं काढा.

पावसाच्या या चित्रात वीज दिसत नाही. गडगडाट कानावर आला की शेत सोडून पक्क्या घरात जा, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.