एसटीपीवर नोकरी करायचीय? आधी गाळ बघायला शिका

बीएस्सी केमिस्ट्री नाहीतर डिप्लोमा झालेली पोरं विचारतात की नाशकात एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, काम कसं असतं, म्हणून लिहितोय.

तपोवन आणि आगरटाकळीचे जुने प्लांट यूएएसबीचे, म्हणजे सांडपाणी टाकीत खालून सोडायचं, ते गाळाच्या थरातून वर चढतं, हवा द्यावी लागत नाही आणि वर मिथेन सुटतो. वीज वाचते खरं, पण नुसत्या त्याच्यावर बीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत उतरत नाही, पुढे हवा द्यावीच लागते, म्हणून एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं) नीट शिकून घ्या, पुढे तेच कामाला येईल.

नवीन पोरं पंप आणि पॅनल लगेच शिकतात, गाळाकडे मात्र कोणी बघत नाही. अरे, पाणी साफ करतात ते गाळातले बॅक्टेरिया, ब्लोअर फक्त त्यांना श्वास पुरवतो! बीओडीची टेस्ट २७ डिग्रीला ३ दिवस चालते, रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पाणी नदीतून सायखेड्याच्या दिशेने कधीच निघून गेलेलं असतं. म्हणून रोज सकाळी एअरेशन (हवा द्यायच्या) टाकीतलं पाणी १ लिटरच्या सिलिंडरमध्ये घ्या, ३० मिनिटं अजिबात हलवू नका आणि समोर उभं राहून बघा. चांगला गाळ चॉकलेटी असतो, गोधडीसारखा एकसंध खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. ३०० मिलीवर बसला आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात लिटरला किती मिलिग्रॅम गाळ ते) ३००० असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो ते) १००, म्हणजे छान चाललंय. १५० च्या वर जायला लागला की गाळ फुगतोय, तेव्हाच सिनियरला सांगा. काळा पडून वास मारत असेल तर हवा कमी पडतेय, आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) तपासा, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असायला पाहिजे. आणि एखाद्या प्लेटिंगवाल्याचं (धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचं) ॲसिडचं पाणी गटारीत आलं तर बॅक्टेरिया मरतात, मग प्लांट सावरायला कितीतरी दिवस जातात, म्हणून इनलेटचा पीएच दर शिफ्टला घ्याच.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो, भरती बहुतेक ठेकेदाराकडून होते, पीएफ कापतात का ते आधीच विचारून घ्या.

आणि एक, चेंबरमध्ये कोणीही कितीही घाई केली तरी उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण गॅस वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. गॅस मीटर लावल्याशिवाय झाकणाशी वाकायचंसुद्धा नाही. टायफॉइड, हिपॅटायटिस आणि धनुर्वाताच्या लसी जॉइन व्हायच्या आधीच घेऊन टाका.