लाइपझिगमध्ये घर मांडताना आधी पोस्टाच्या पेटीवर नाव लावा

किल्ली हातात पडली की पहिल्या तासाभरात एकच काम करा. पोस्टाच्या पेटीवर आणि खालच्या घंटीवर आपलं आडनाव लावा. जर्मनीत बहुतेक इमारतींमध्ये फ्लॅटला नंबरच नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं नाव. पेटीवर नाव दिसलं नाही तर पत्र आल्या पावली परत जातं.

मी 2019 च्या ऑक्टोबरात इथे आले. घर सांभाळणाऱ्या कंपनीने ‘पाटी आम्ही लावतो’ म्हणून सांगितलं आणि मी वाट बघत राहिले. तेवढ्यात माझ्या करक्रमांकाचं पत्र येऊन परत गेलं. क्रमांक नाही, म्हणून पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या वर्गाने कर कापला गेला. पैसे पुढे परत मिळाले, पण तो महिना फार ओढाताणीत गेला. बँकेचं कार्ड, आरोग्यविम्याचं कार्ड, सगळं इथे पोस्टानेच येतं. म्हणून पाटी येईपर्यंत साध्या कागदावर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. घरमालकाने सही केलेली वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे हे घर तुम्हाला राहायला दिल्याचा दाखला, लागते. हा शब्द तुकडे पाडून पाठ करा आणि किल्ली घेतानाच तो कागद मागून घ्या. नोंदणीसाठी आधी वेळ घ्यावी लागते आणि ती पटकन मिळत नाही, तेव्हा प्रवासाची तारीख ठरली की लगेच वेळ शोधायला लागा.

अनामत रक्कम काल्टमीटेच्या, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या, तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही. ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला आहे. नवीन माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही. घर ताब्यात घेताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा आणि मीटरचे आकडे पंचनाम्यात लिहून घ्या, फोटो काढा. रेडिओ-टीव्हीचं शुल्क दर घरामागे महिना 18.36 युरो असतं, घरात टीव्ही नसला तरी. तिघं मिळून राहत असाल तर एकानेच भरायचं. जबाबदारी विमा, हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, पहिल्याच महिन्यात घ्या आणि हरवलेल्या किल्ल्या त्यात धरल्या आहेत ना ते बघा. इथे एका किल्लीवर सगळ्या इमारतीची कुलपं अवलंबून असू शकतात.

आता रिकामं घर. रिकामं म्हणजे खरोखर रिकामं, छतातून लोंबणाऱ्या वायरी आणि स्वयंपाकघरात पुष्कळदा ओटासुद्धा नाही. जुना भाडेकरू आपला ओटा विकायला तयार असेल तर आधीच बोलून ठेवा. बाकी सामानाची घाई करू नका, हे मी मनापासून सांगते. पहिले दोन महिने गादी, दिवा, टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात. रस्त्याकडेला ‘त्सु फरशेंकन’ असं लिहिलेली खोकी दिसतील. ती फुकट न्यायची असतात. माझं पुस्तकांचं कपाट आणि स्वयंपाकघरातला निम्मा संसार अशाच खोक्यांतून आला आणि तो गोळा करता करता आसपासचे दहा रस्ते पाठ झाले.

हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. भिंतीत ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा नाही.

पण घरातच अडकून राहू नका. खोकी अर्धी उघडलेली असतानाच बाहेर पडायला लागा. डॉइचलांड टिकेट, म्हणजे प्रवासाचा मासिक पास, काढा. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2026 पासून 63 युरो आहे. सगळ्या देशातल्या ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात, वेगवान आयसीई मात्र नाही. ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं. बंद करायचं तर दहा तारखेच्या आत कळवावं लागतं.

पहिल्या मोकळ्या शनिवारी अकरा नंबरच्या ट्राममध्ये बसा. उत्तरेला श्कॉयडित्स आणि दक्षिणेला मार्कक्लेबर्ग, दोन्ही टोकं लाइपझिगच्या हद्दीबाहेर. अधेमधे कुठेही उतरू नका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. शेतं, कारखान्यांच्या विटांच्या भिंती, मुख्य स्टेशन, ऑपेरा, मग कोनेवित्स भागातल्या रंगवलेल्या भिंती, सगळं शहर खिडकीतून एका ओळीत समोरून जातं. कुठे उतरावंसं वाटलं ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या शनिवारी तिथे उतरा. माझी त्या पहिल्या दिवसाची यादी सतरा थांब्यांची होती. ती संपायला एप्रिल उजाडला.

एप्रिलमध्ये आउवाल्डमध्ये जायलाच हवं. नदीकाठचं हे जंगल थेट शहरातून जातं आणि त्या दिवसांत तिथे रानटी लसणीचा दरवळ सुटलेला असतो. पानं खुडायची असतील तर आधी जाणत्या माणसाबरोबर जा, कारण तशीच दिसणारी लिली ऑफ द व्हॅलीची पानं विषारी असतात. त्याच झाडीतून सायकलने कोस्पुडनर तळ्यावर जाता येतं. ते तळं म्हणजे कोळशाची जुनी उघडी खाण. पाणी भरून 2000 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मला हे शहर खरं कळलं ते त्या काठावर बसून.

डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि बाहेर पडायची इच्छाच मरते. त्यासाठी एक ठरलेली जागा हवी. मी शनिवारी दुपारी तीनला थोमासकिर्शे या चर्चमध्ये मोटेट, म्हणजे गायकवृंदाचं धार्मिक संगीत, ऐकायला जायचे. शुक्रवारी संध्याकाळी सहालाही असतं. 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, संगीतकार बाख इथेच संगीतप्रमुख होता. दारात कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तेच तिकीट. भाषा येत नसली तरी तासभर दोनेकशे माणसांबरोबर गप्प बसता येतं, आणि पहिल्या हिवाळ्यात मला त्याचा केवढा आधार वाटला.

शेजाऱ्यांची ओळख मात्र पार्सलांमुळे झाली. तुम्ही घरी नसाल तर कुरियरवाला पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो. दुसऱ्यांची पार्सलं आनंदाने ठेवून घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी माझ्याकडे अशाच आल्या, पार्सल घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या श्रेबरगार्टनमधली सफरचंदं देऊन गेल्या. ही छोट्या बागांची पद्धत याच शहरातली, पहिली श्रेबर संस्था 1864 मध्ये इथेच निघाली, हे त्यांनीच सांगितलं.

आता आमच्या जिन्यात नवीन कुणी राहायला आलं की मी आधी त्यांची पोस्टाची पेटी बघते. नाव दिसलं नाही तर कागद, मार्कर आणि चिकटपट्टी घेऊन वर जाते.