होस्टिंग सांभाळताना या चुका टाळा: ‘काल तर साइट चालू होती’

‘काल तर साइट चालू होती, आम्ही काहीच केलं नाही.’ होस्टिंगच्या सपोर्टला बसणाऱ्याला हे वाक्य तोंडपाठ असतं. बहुतेक वेळा ग्राहक खरंच सांगत असतो. त्याने काही केलेलं नसतं. आपणही केलेलं नसतं, आणि घोळ तिथेच असतो. एखादं काम आपोआप होतंय असं आपण धरून चाललेलो असतो आणि ते कधीच गुपचूप बंद पडलेलं असतं.

यातला सर्वांत लाजिरवाणा प्रकार म्हणजे एसएसएल सर्टिफिकेट (साइट खरी आणि जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला) संपणं. तारीख आधीच माहीत असते, तरी साइट उघडली की ब्राउझर लाल इशारा दाखवतो. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि नूतनीकरणाचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आपण लावलेला असतो. मग अडतं कुठे? कुणीतरी फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचा दरवाजा) बंद केलेलं असतं आणि डोमेनची पडताळणी त्याच वाटेने होत असते. किंवा साइट नव्या सर्व्हरवर आणताना डोमेनला सर्व्हरच्या आयपी पत्त्याशी जोडणारा ‘ए’ रेकॉर्ड बदललेला असतो, पण आयपीव्ही६चा ‘एएएए’ रेकॉर्ड जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत असतो. तिसरा प्रकार जास्त फसवा: नवं सर्टिफिकेट डिस्कवर येऊन पडलेलं असतं, पण वेब सर्व्हर रीलोड न केल्याने तो जुनंच देत बसतो. सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉट प्रोग्राममध्ये नूतनीकरणानंतर रीलोड करणारा हुक (आपोआप चालणारी कमांड) जोडा आणि तारीख फाइलमध्ये न बघता बाहेरून पोर्ट ४४३ ला (एचटीटीपीएसच्या दरवाजाला) जोडून बघा. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे तो आधारही गेला. वर्षाला एकदा हाताने सर्टिफिकेट चढवण्याची सवयही सोडावी लागेल. सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस, असं ठरलेलं आहे.

डिस्क भरते तेव्हा ती ‘मी भरले’ असं क्वचितच सांगते. कुणाचं लॉगिन होत नाही, कारण सेशनची फाइल लिहिता येत नाही. कुणाचे मेल अडकतात. डेटाबेस लिहिणं थांबवतो. तीन वेगवेगळी तिकिटं येतात आणि तीन माणसं तीन दिशांना शोधत बसतात. कुठलंही विचित्र तिकीट आलं की आधी डिस्क बघावी, असा माझा तरी नियम आहे.

बघतानाही नुसते जीबी मोजू नका. निम्मी जागा मोकळी असताना ‘जागा नाही’ अशी एरर आली, तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या, ठरावीक संख्येच्या नोंदी) संपलेले असतात. लाखो बारीक सेशन किंवा कॅशे फाइल्स हे त्याचं नेहमीचं कारण. ‘डीएफ’ कमांडला ‘आय’ पर्याय जोडला की ते दिसतं. मोठी लॉग फाइल उडवली तरी जागा सुटली नाही, असं झालं तर ती फाइल एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरलेली असते. ती सेवा रीस्टार्ट केल्यावर जागा मोकळी होते. म्हणून चालू लॉग डिलीट करू नये, रिकामा करावा; त्याहून बरं म्हणजे लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढणारं साधन) नीट लावावं. मायएसक्यूएल डेटाबेसचे बायनरी लॉग (डेटातल्या बदलांच्या नोंदी) तर हाताने कधीच उडवू नका. ते काढायची वेगळी कमांड आहे आणि ते किती दिवस ठेवायचे तेही सेट करता येतं. आवृत्ती ८ मध्ये ही मुदत मुळात ३० दिवसांची असते, गर्दीच्या सर्व्हरला ती महागात पडते.

साइट मंद झाली की रीस्टार्ट, हा आपल्या सगळ्यांचा हातखंडा उपाय. दहा मिनिटं बरं वाटतं, पण पुरावा जातो. एरर कोड ५०२ म्हणजे वेब सर्व्हरच्या मागची प्रोसेस मेली किंवा धड उत्तर देत नाही. ५०४ म्हणजे ती जिवंत आहे, पण वेळेत उत्तर देत नाही. दोन्हींवर एकच औषध चालत नाही. ५०२ ला कर्नल लॉगमध्ये मेमरी संपल्याने प्रोसेस मारल्याची नोंद शोधा, ५०४ ला स्लो क्वेरी लॉग उघडा. पीएचपी-एफपीएमच्या (साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सेवेच्या) प्रोसेस अंदाजाने वाढवणं हीसुद्धा चूकच. पीएचपीसाठी ४ जीबी मेमरी असेल आणि एक प्रोसेस ८० एमबी खात असेल, तर पन्नासच्या पुढे जाणं म्हणजे सर्व्हर स्वतःच्या हाताने पाडणं.

बॅकअपचं काय सांगावं! ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसच उडाला आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच ठिकाणी होता त्यांचं दोन्ही गेलं. बॅकअप दुसऱ्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा कुठलीही एक साइट उचलून चाचणी सर्व्हरवर रिस्टोअर करा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. संकटात ग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतो.

सर्व्हर बदलताना टीटीएल (डोमेनचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा ती मुदत) आधी कमी करा. तो ८६४०० असेल तर किमान एक दिवस आधी ३०० करावा लागतो, ऐनवेळी केल्याने काही होत नाही. जुन्या सर्व्हरवरची साइट डेटा हलवण्याआधीच देखभालीवर टाका, नाहीतर निम्म्या ऑर्डर इकडे, निम्म्या तिकडे. देखभालीचं पान ५०३ (‘तात्पुरतं बंद’) कोडनेच द्या. २०० (‘सगळं ठीक’) दिलात तर सर्च इंजिन तेच पान खरं मानून घेतं.

आणि परवानगीची अडचण आली म्हणून ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) देऊ नका. बहुतेक ठिकाणी फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ पुरतं. नाही पुरलं तर फाइलचा मालक चुकलेला असतो.

देखरेख करणारा प्रोग्राम फक्त २०० कोड बघत असेल तर पांढरं पानही त्याला ठीकच वाटतं. पानावरचा एखादा ठरावीक शब्द शोधायला लावा. आमचा असा प्रोग्राम एकदा ज्या सर्व्हरवर बसवला होता तोच बंद पडला. त्या रात्री एकही इशारा आला नाही आणि आम्ही सगळे छान झोपलो.