एअरलाइनचं क्रेडिट कार्ड घेण्याआधीची तयारी

अर्ज भरण्याआधी तासभर काढून मागच्या बारा महिन्यांचा विमानप्रवास कागदावर उतरवा. ई-मेलमध्ये 'पीएनआर' शोधलं की बहुतेक तिकिटं सापडतात. प्रत्येक फेरीपुढे लिहा: कुठून कुठे, कोणती कंपनी, भाडं किती आणि पैसे कोणी भरले. शेवटचा रकाना बरेच जण विसरतात आणि तिथेच हिशेब फसतो. ऑफिसने काढून दिलेल्या तिकिटावर तुमच्या कार्डाला काही मिळत नाही. त्या तिकिटावर तुमचा सदस्य क्रमांक घातला तर प्रवासाचे पॉइंट मात्र जमा होतात, पण त्यासाठी कार्डाची गरज नाही. एअरलाइनचं साधं सदस्यत्व फुकट असतं; ते आजच घेऊन ठेवा.

स्वतःच्या खिशातून केलेल्या दहा फेऱ्यांपैकी सात-आठ एकाच कंपनीच्या असतील तरच तिच्या को-ब्रँडेड (बँक आणि एअरलाइनने मिळून काढलेल्या) कार्डाचा विचार करावा. कोल्हापूर, नाशिक, नागपूरहून उडणाऱ्यांनी कंपनी आवडते की नाही हे बाजूला ठेवून आपल्या मार्गावर सोयीच्या वेळी कोणाचं विमान आहे ते बघावं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मडगावला राहणाऱ्याच्या कार्डाची विमानं दूरच्या मोपाहून सुटत असतील, तर कमावलेलं टॅक्सीतच जाईल.

आता गणित. पॉइंटची किंमत जाहिरातीवरून धरू नका. एअरलाइनच्या साइटवर तुमच्याच मार्गाचं, तुमच्या नेहमीच्या दिवसाचं तिकीट पैशांत आणि पॉइंटमध्ये असं दोन्ही तऱ्हेने उघडून बघा. समजा पुणे–दिल्ली 6,500 रुपयांना आहे आणि पॉइंटवर घेतलं तर 9,000 पॉइंट अधिक 1,100 रुपये कर आणि शुल्क पडतात. 'फुकट' तिकिटावरही कर आपल्यालाच भरावे लागतात, म्हणून 6,500 मधून 1,100 वजा करून उरलेले 5,400 भागिले 9,000. एका पॉइंटचे 60 पैसे झाले. हाच प्रयोग दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या तारखांवर करा. पॉइंटवरच्या जागा तेव्हाच मिळत नाहीत, आणि कुटुंबाला हव्या असतात नेमक्या तेव्हाच.

पुढचं उदाहरण आपल्या आकड्यांनी बदलून घ्या. वर्षाला कार्डावर 3 लाख खर्च, त्यातले 60,000 एअरलाइनच्या साइटवर 100 रुपयांना 5 पॉइंटने, बाकीचे 2,40,000 रुपये 100 ला 1 ने. एकूण पॉइंट 5,400, म्हणजे 3,240 रुपये. फी 1,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 1,770 वजा केले की हातात राहतात 1,470. तेवढ्याच खर्चावर दीड टक्का कॅशबॅक देणारं साधं कार्ड 4,500 देतं. त्याची 500 रुपये फी जीएसटीसह 590 धरली तरी 3,910 उरतात. एअरलाइनचं कार्ड जिंकतं ते ठरावीक खर्चावर मिळणाऱ्या तिकीट व्हाउचरमुळे. म्हणून तो टप्पा तुमच्या नेहमीच्या खर्चात बसतो का ते आधी बघा. व्हाउचरसाठी ओढूनताणून केलेला खर्च हा तोटाच. व्हाउचरमध्ये मूळ भाडंच येतं की करही, आणि ते किती महिन्यांत वापरायचं, हेही अटींमध्ये वाचा.

'नेहमीचा खर्च' मोजताना इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, सरकारी भरणा आणि ईएमआय वगळा. बहुतेक कार्डांवर त्यांना पॉइंट नसतात. विमा आणि वीजबिलावर अनेकदा मर्यादा असते. जास्तीचे पॉइंट एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर किंवा ॲपवरच मिळतात. इतर पोर्टलवरून तेच तिकीट काढलं तर बँकेला व्यापारी म्हणून पोर्टल दिसतं आणि साधा दर लागतो.

पॉइंट साठवण्याचा मोह टाळा. जेट एअरवेजची उड्डाणं 17 एप्रिल 2019 ला थांबली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या नावाची कार्डं घेतलेल्यांचं सगळं गणित बदललं. एका फेरीपुरते पॉइंट झाले की वापरून टाकणं बरं.

कागदपत्रांत पॅन, आधार, नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि व्यवसाय असेल तर दोन वर्षांचं आयकर विवरण तयार ठेवा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो. अर्जाआधी तो काढून चुकीची थकबाकी दिसत असेल तर दुरुस्त करून घ्या. त्यातला क्रेडिट स्कोअर 750 च्या वर असला की सहसा अडचण येत नाही. एका आठवड्यात तीन बँकांकडे अर्ज केले तर तिन्ही चौकश्यांची नोंद रिपोर्टमध्ये पडते. व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या ओळख पडताळणीला, मूळ पॅनकार्ड, कोरा कागद, पेन आणि मोबाइलचं लोकेशन चालू लागतं.

आपल्याकडे हमखास अडतं ते नाव. पॅनवर स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, एअरलाइनच्या खात्यात मधलं नाव गायब, लग्नानंतर बदललेलं आडनाव तिकिटावर वेगळंच. मग पॉइंट लटकतात. पॅन, सदस्य खातं आणि तिकीट यांवर नाव एकसारखं करा. खातंही एकच ठेवा. आधीचं असेल तर तोच क्रमांक अर्जात द्या, नाहीतर पॉइंट दोन ठिकाणी विखुरतात.

कार्ड हातात आलं की ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतः सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर ते बंद असतात, आणि हे अनेकांना परदेशात उतरल्यावर कळतं. परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचं 3.5 टक्के शुल्क (मार्कअप) असेल तर एक लाखावर जीएसटीसह 4,130 रुपये जातात. कुठलेही पॉइंट ते भरून काढत नाहीत. मशीनने रुपये की स्थानिक चलन असं विचारलं तर स्थानिक चलन निवडा. विमानतळावरच्या लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत किती खर्च हवा आणि जोडकार्डाला (घरच्यांसाठी घेतलेल्या जादा कार्डाला) प्रवेश आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये बघा. विमानतळावर वाद घालून दार उघडत नाही.

बिल पूर्ण भरणं जमणार नसेल तर हे कार्ड घेऊच नका. 60,000 रुपये महिनाभर थकले तर महिन्याला 3.75 टक्के दराने व्याज 2,250 आणि त्यावर जीएसटी 405. वरच्या उदाहरणातली वर्षाची कमाई एका महिन्यात संपली. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

फी लागण्याच्या तारखेच्या एक महिना आधीचं स्मरणपत्र फोनमध्ये आजच लावा. तेव्हा हाच हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा करा. बंद करायचं ठरलं तर बँकेकडे पडलेले पॉइंट आधी एअरलाइनच्या खात्यात जमा करून घ्या, सगळं बिल चुकतं करा आणि मगच लेखी विनंती द्या. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायला हवं. उशीर झाल्यास रोज 500 रुपये दंड तुम्हाला मिळायला हवा, म्हणून विनंतीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा.