टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय? आधी पाना खाली ठेवा

सिग्नलला गाडी थांबली की जळक्या ऑइलचा वास येतो आणि बॉनेट उघडलं की इंजिनाच्या अंगावर धूळ बसलेला काळा ओघळ दिसतो. अशा वेळी पहिला संशय इंजिनाच्या वरच्या झाकणावर, म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर घ्यायचा. यावर झटपट इलाज म्हणून अनेकजण बोल्ट आणखी आवळतात. तो करू नका. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालेलं असतं, कितीही दाबलं तरी ते फट बुजवत नाही. उलट कव्हर वाकतं, नाहीतर कव्हर ज्यावर बसतं त्या ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. पहिल्या खेपेला मीही असाच जोर लावला होता. बोल्ट तुटला आणि अर्धा आतच राहिला.

आधी गळती नक्की कुठून आहे ते पाहा. थंड इंजिन डीग्रीझर आणि ब्रशने स्वच्छ करा, गाडी दोन दिवस वापरा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागेही जातं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा महत्त्वाची. कधी दोष ऑइल भरायच्या झाकणाच्या रबराचा किंवा कॅम सेन्सरच्या ओ-रिंगचा (गोल रबरी सीलचा) निघतो आणि कव्हर उघडायची वेळच येत नाही.

पॅकिंगचंच काम ठरलं, तर नवीन पॅकिंगचा पूर्ण सेट घ्या. स्पार्क प्लगच्या नळ्यांभोवतीची सीलं आणि बोल्टखालचे रबरी वॉशरही बदलायचे असतात. इंजिनाचा नंबर सांगून घेतलेलं बरं.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मोबाइलवर फोटो काढत एअर फिल्टरचा पाइप, वायरिंगचे सॉकेट आणि प्लगवरच्या इग्निशन कॉइल सोडवा. जुने प्लॅस्टिकचे पाइप ओढू नका, हलकेच फिरवून सोडवा, ते काचेसारखे तुटतात. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलं असेल (गाडी मिसिंग मारत, म्हणजे अडखळत चालत असेल तर बहुधा साचलेलंच असतं) तर ते कापडाने टिपून घ्या. प्लग मात्र तोपर्यंत जागेवरच राहू द्या, नाहीतर ते ऑइल थेट सिलिंडरमध्ये.

कव्हरभोवतीची माती झटकून मगच बोल्ट काढा, बाहेरून आत, थोडे थोडे. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटलं की पृष्ठभागावर ओरखडा पडतो आणि नवीन पॅकिंगही तिथूनच गळतं.

खरी मेहनत पुढे आहे. जुन्या पॅकिंगचा कण न् कण निघाला पाहिजे. खरवडायला जुनं एटीएम कार्ड उत्तम. शेवटी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. हे करताना इंजिनाच्या उघड्या भागावर स्वच्छ कापड अंथरा, आत खडा पडता कामा नये.

रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर, जिथे कॅमशाफ्ट धरून ठेवणारी कॅप किंवा इंजिनाच्या टोकाचं टायमिंग कव्हर हेडला मिळतं तिथे, तुरीच्या डाळीएवढं. सगळीकडे फासणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. आत दबलेलं जादा सिलिकॉन तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतं.

बोल्ट आधी हाताने लावा, मग मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. टॉर्क रिंच (ठरवलेल्या ताणाने आवळायचा पाना) नसेल तर आखूड पाना घ्या आणि मनगटाने नव्हे, दोन बोटांनी फिरवा.

बाकीचे पाइप जोडण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) काढून कानाशी हलवा. साधारण आत खडखड ऐकू आली पाहिजे. तो तुंबलेला असेल तर इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि नवं पॅकिंगही ओलं करतो. संशय आला तरी बदलून टाका.

सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या. ऑइलची पातळी पाहा, मग चालू करा. एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल जळून थोडा धूर येईल, तो थांबला पाहिजे. १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्च घेऊन बघा आणि कडेने बोट फिरवा.