जुने ब्रिटिश लष्करी स्टॉपवॉच कसे ओळखावे?

घड्याळ हाती आले की आधी ते घासूनपुसून चकचकीत करावेसे वाटते. तो मोह आवरा. पॉलिशने मागच्या झाकणावरची बारीक अक्षरे झिजतात आणि निम्मा पुरावा तिथेच असतो.

झाकण दिव्याखाली तिरके धरून दहापट भिंगातून पाहा. कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण, म्हणजे ब्रॉड अ‍ॅरो, ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बाण इंग्रजी ‘सी’च्या पोटात असेल तर माल कॅनडाचा, दोन ‘डी’च्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते घड्याळ सरकारी साठ्यातून रीतसर काढून टाकलेले.

बाणाखालचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. मुकुट आणि ‘ए.एम.’ म्हणजे हवाई मंत्रालय, ‘६बी/’ने सुरू होणारा क्रमांक हवाई दलाच्या भांडाराचा, ‘पॅट. ३१६९’ (पॅट. म्हणजे पॅटर्न) नौदलाचा. पुढच्या काळातल्या घड्याळांवर तेरा आकडी नाटो क्रमांक सापडतो: पहिले ६६४५ म्हणजे कालमापक उपकरणे, नंतरचे ९९ म्हणजे ब्रिटन, उरलेले सात त्या वस्तूचे. खाली ‘१२३/७२’ असे काही असेल तर तिरप्या रेघेनंतरचे ७२ हे वर्ष, म्हणजे १९७२.

आता खोदकाम खरे की नंतरचे, ते तपासा. एखादा जुना ओरखडा अक्षरावरून जातो तिथे नीट बघा. ओरखडा अक्षराच्या कडेला घासून पुढे गेला असेल तर अक्षर आधीचे. अक्षराची स्वच्छ, धारदार खाच ओरखड्याला मधेच तोडत असेल तर संशय घ्या. डायलवरच्या बाणावर मात्र भिस्त नको. डायल नव्याने छापून मिळते. चोरबाजारात किंवा जुन्या बाजारात घेताना हे विशेष लक्षात ठेवा.

डायल आणि यंत्र एकमेकांशी जुळायला हवे. एक-पंचमांश सेकंदाचे यंत्र ताशी १८,००० ठोके देते, काटा सहसा ६० सेकंदांत फेरी पुरी करतो. एक-दशांशाला ३६,००० ठोके लागतात आणि फेरी बहुधा ३० सेकंदांची. डायलवर दशांशाच्या रेघा असूनही काटा सेकंदाला पाचच उड्या मारत असेल तर डायल दुसऱ्याच घड्याळाची आहे. चावी हलक्या हाताने द्या. अडली तर जोर लावू नका, तेल वाळलेले असते.

झाकण दाबून बसवलेले असेल तर कडेची बारीक खाच शोधून घड्याळजीच्या बोथट सुरीने उचला. स्क्रूड्रायव्हर हमखास निसटतो, आणि निसटतो तो नेमका खुणांवर. काट्यांवर किंवा आकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी लावलेला, आता तपकिरी पडलेला रंग दिसला तर उघडूच नका. तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो आणि त्याची भुकटी श्वासात जाणे धोक्याचे.

पुढचा शोध लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात: नौदलाची कागदपत्रे ‘एडीएम’ मालिकेत, हवाई दलाची ‘एअर’मध्ये. झाकणावरच्या क्रमांकावरून ते वापरणाऱ्याचे नाव मिळण्याची आशा धरू नका. नाव निघालेच तर बहुतेक पेटीवर किंवा तिच्यातल्या एखाद्या चिठ्ठीवर निघते, म्हणून घड्याळासोबत आलेला कागद फेकू नका.