गावरान कोंबड्यांत नवा कोंबडा सोडताय? या चुका टाळा

बाजारातून कोंबडा आणायचा, तिन्हीसांजेला पायाची दोरी सोडायची आणि खुराड्यात ढकलून द्यायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत. मीही तेच केलं होतं. कोंबडा देखणा, तुरा लालभडक. चौथ्या दिवशी तो पंख पाडून कोपऱ्यात बसला, विष्ठा हिरवट आणि पाण्यासारखी. पुढच्या आठवड्याभरात माझ्या नऊपैकी सहा कोंबड्या माना वाकड्या करून गेल्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग.

म्हणून सगळ्यात मोठी चूक ही घाईची. आठवडी बाजारात एकेका डालग्यात दहा गावची कोंबडी कोंबलेली असतात. राणीखेतची लागण झाली तरी लक्षणं दिसायला दोन आठवडेही लागू शकतात, तोवर पक्षी धडधाकट दिसतो. आणलेला कोंबडा निदान तीन आठवडे खुराड्यापासून लांब, जमल्यास घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं. दाणापाणी आधी आपल्या कोंबड्यांना, मग त्याला, आणि नंतर हात-पाय धुवायचे. चपलेला लागलेली विष्ठासुद्धा रोग घेऊन जाते.

याच दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन राणीखेतच्या लसीचं विचारा. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची. कुपी साधारण शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते, तेव्हा वाडीतल्या चार घरांनी मिळून एकच दिवस धरला तर बरं.

कोंबडा हातात घेऊन नीट बघा. शेपटीखालची पिसं बाजूला केली की उवा पळताना दिसतात, पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे असतात. पायांवरचे खवले उचललेले, खडबडीत वाटले तर ती किडीची खूण. रोज खोबरेल किंवा करंजाचं तेल चोळलं तर कीड गुदमरते, पण पाय गुळगुळीत व्हायला महिना-दोन महिने जातात.

मग आठवडाभर जाळीच्या आड. एकमेकांना दिसावेत, पण चोच पोचू नये. कोंबड्यांमध्ये कोण आधी खाणार, कोण दांडीवर कुठे बसणार हे ठरलेलं असतं. नव्याला त्यात जागा मिळायला वेळ लागतो. रात्री अंधारात गुपचूप दांडीवर ठेवावा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण उजाडल्यावर बंद खुराड्यात भांडण पेटलं तर हरणाऱ्याला पळायला जागा नसते. मी सकाळी मोकळ्या अंगणात सोडते आणि कणी तीन-चार ठिकाणी पसरते. थोडी झटापट होणारच, ती होऊ द्यावी. रक्त दिसलं मात्र की लगेच जखमी पक्षी बाजूला करा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

कोंबडा निवडतानाही लोक चुकतात. पाच महिन्यांचं पोर आणलं तर जुन्या कोंबड्या त्याला कोपऱ्यातून हलू देत नाहीत. उलट गिरिराज या सुधारित जातीचा चार किलोचा नर सव्वा-दीड किलोच्या गावरान कोंबडीवर चढला तर तिची पाठ सोलून निघते. एका नरामागे आठ-दहा माद्या हव्यात. तीन-चारच असल्या तर त्याच त्या कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात. तसं दिसलं तर नराला काही दिवस वेगळं ठेवा आणि त्याच्या पायामागच्या काट्याचं टोक कानशीनं बोथट करा. नुसती खायला अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही.

घरच्याच पिलातला नर वर्षानुवर्षं ठेवणं टाळा. भावाबहिणींत वीण होत राहिली की अंड्यांतून पिल्लं कमी निघतात, निघाली तरी नाजूक असतात.

नवा गडी रुळला हे कळायला सोपं आहे. दाणा सापडला तरी तो स्वतः गिळत नाही. चोचीत धरून खाली टाकतो, कुक-कुक करतो, आणि कोंबड्या धावत येतात. तरी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवायची घाई करू नका. जुन्या कोंबड्याचं बीज मादीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं. जुना गेल्यावर तीन आठवडे सोडून गोळा केलेली अंडीच या नव्याची समजा.